स्विमिंग पुलाकाठची लादी: कोकणात या चुका टाळा

वेंगुर्ल्याजवळच्या एका होमस्टेत, मे महिन्यात, दुपारी अडीचच्या सुमारास पोरं स्विमिंग पुलातून बाहेर पडताना मी पाहत होतो. एकही पोर चालत नव्हतं. पाय टेकला की उचल, टेकला की उचल, असं करत सगळी माडाच्या सावलीपर्यंत पोचली आणि तिथे एका लहानगीने भोकाड पसरलं. लादी काळ्या कडप्प्याची होती आणि ती मीच सुचवली होती. निळ्या पाण्याला काळी चौकट फोटोत उठून दिसेल, असं मालकांना पटवलं होतं. फोटो खरंच झकास आले.

त्याच लादीवर जुलैत मालकीणबाई घसरल्या आणि मनगट प्लास्टरमध्ये गेलं. एकच दगड उन्हाळ्यातही नापास आणि पावसाळ्यातही. लादी बसवताना आमच्या गवंड्याने मला सांगितलं होतं, "दादानू, ह्या दगडार पावसात पाय ठरूचो नाय." मी हसलो होतो.

त्यानंतर बरीच कामं केली, बरीच दुसऱ्यांची बिघडलेली पाहिली. त्यातून जमलेल्या चुका इथे सांगतो. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. आता जिल्ह्यात न्याहारी-निवास करणारेही पूल बांधायला लागले आहेत, त्यामुळे हे दुखणं वाढतच जाणार.

दुकानात, पंख्याखाली, कोरडा तुकडा बघून दगड ठरवणे

सगळ्या चुकांची आई हीच. इंटरनेटवर 'उष्ण हवेत कोणती लादी' म्हणून जे सल्ले मिळतात ते बहुतेक कोरड्या, वाळवंटी हवेचे. आपल्याकडे ऊन आहेच, पण त्यानंतर जूनपासून चार महिने वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि उरलेले आठ महिने खारा वारा. सच्छिद्र, खडबडीत दगड उन्हात पायाला बरा लागतो, पण त्याच भोकांत पावसाळ्यात शेवाळ धरतं. गुळगुळीत, घट्ट दगडावर शेवाळ कमी, पण तो ओला झाला की साबणाची वडी. या दोन्हींत टिकणारा दगड निवडायचा तर त्याला घरी आणून छळावं लागतं.

प्रत्येक नमुन्याचे दोन-दोन तुकडे मागून घ्या. दुपारी दोन वाजता गच्चीवर ठेवलेल्या तुकड्यावर अनवाणी उभे राहा आणि दहा आकडे मोजा. मग त्यावर तांब्याभर पाणी ओतून, पायाला थोडं खोबरेल लावून, भिंतीचा आधार धरून पाय सरकवून बघा. (खोबरेल अशासाठी, की पाहुणे अंगाला सनस्क्रीन चोपडून येतात आणि ते सगळं लादीवर उतरतं.) शेवटी कोपऱ्यावर लिंबाचे चार थेंब टाकून दहा मिनिटं थांबा. दुसरा तुकडा विहिरीजवळ, झाडाखाली ठेवून द्या आणि गणपतीच्या सुमारास बघा. इतका धीर कोणाला नसतो, ठाऊक आहे. निदान पहिल्या तीन परीक्षा तरी घ्या.

सगळीकडे एकच लादी

पुलाभोवतीची जागा खरं तर दोन जागा असतात. पाण्याला लागून तीन-चार फुटांचा पट्टा सदा ओला. तिथे चटके कमी बसतात, कारण पोरं उड्या मारून तो भिजवतच असतात. तिथला प्रश्न घसरण्याचा आणि पुलातल्या रसायनांचा. त्यापलीकडे, जिथे खुर्च्या टाकतात, ती जागा कोरडी, आणि पाय भाजतात ते तिथे. पण बहुतेक जण दोन्हीकडे एकच माल घालतात, 'दिसायला एकसारखं' म्हणून.

आतल्या पट्ट्याला माझी पसंती फिकट राखाडी किंवा बदामी ग्रॅनाइटला, पण फ्लेम्ड म्हणजे ज्योत मारून खरबरीत केलेल्या. ऍसिडला दाद देत नाही, मीठ आत शिरत नाही, पकड वर्षानुवर्षं राहते. पॉलिश ग्रॅनाइट मात्र कोणी फुकट दिला तरी पुलाकाठी नको. पोर्सलेन टाइल घ्यायची तर 'अँटिस्किड' या शब्दावर भागवू नका. दुकानदार तो कशालाही लावतो. ओल्या अनवाणी पायाची चाचणी वेगळी असते आणि तिचे वर्ग ए, बी, सी असे असतात. पुलाच्या काठाला निदान बी, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांना सी. आर-१०, आर-११ हे आकडे बूट घालून केलेल्या चाचणीचे. ते बघून अनवाणी माणसाचा निर्णय करू नये.

बाहेरच्या पट्ट्याला रंग महत्त्वाचा. काळा, गडद चॉकलेटी, गडद हिरवा बाद. पण पांढरा शुभ्रही नको, डोळे दिपतात. चायना मोझॅकच्या गच्चीवर दुपारी उभं राहिलेल्याला ते माहीत असेल. मधला, वाळूसारखा रंग बरा. आणखी एक गोष्ट लोक विसरतात. दोन दगड सारखेच तापलेले असले तरी घट्ट दगड उष्णता तळपायात भराभर ओततो, सच्छिद्र दगड सावकाश. म्हणून इथे फिकट वालुकाश्म चालतो, नाहीतर न घासलेला रफ कोटा, पण तो सावली असेल तरच. 'लाकडासारखं दिसणारं' प्लॅस्टिकमिश्रित डेकिंग गडद रंगात घेतलं तर खऱ्या लाकडाहून जास्त तापतं. आणि कृत्रिम हिरवळ! थंड दिसते म्हणून घालतात. भर उन्हात तिच्यावर पाय ठेवून बघा, पुन्हा नाव काढणार नाही.

जांभ्याचं प्रेम

हे लिहिताना जीव थोडा खालीवर होतो, कारण जांभा, म्हणजेच लाल चिरा, आपला दगड. घर चिऱ्याचं, गडगा चिऱ्याचा, विहीर चिऱ्याची, मग पुलाभोवती परक्या मुलखातला दगड कशाला? मुंबईहून आलेले मालक तर 'लोकल टच' म्हणून जांभाच मागतात.

श्रावणात पाखाडीवरून, म्हणजे चिऱ्याच्या पायऱ्यांच्या वाटेवरून, उतरलेल्या माणसाला याचं उत्तर द्यायला नको. जांभा पाणी पितो. खाणीतून काढताना मऊ असतो, हवेवर कठीण होतो, पण त्याच्या पोटातली मातीची भोकं तशीच राहतात. पावसात ती माती धुऊन जाते, भोकं मोठी होतात, त्यांत शेवाळ, आणि उन्हाळ्यात तीच भोकं पोरांचे गुडघे सोलतात. लाल पाणी पुलात उतरतं आणि फिल्टर लाल होतो. शेवाळ काढायला कोणी प्रेशरचा पंप लावला तर वरची कठीण झालेली पाठच निघून जाते आणि पुढच्या वर्षी दुप्पट शेवाळ. वरून चकाकणारा कोटिंगचा थर दिला, तर ओल आत अडकून दुसऱ्या पावसात पापुद्रे सुटतात, आणि सुटेपर्यंत तो थर निसरडा असतो तो वेगळाच. सीलर द्यायचाच झाला तर दगडात मुरणारा द्यावा आणि दर एक-दोन वर्षांनी पुन्हा द्यायची तयारी ठेवावी.

जांभा हवाच असेल तर मागच्या भिंतीला घाला, झाडांच्या आळ्यांना घाला, पुलापासून आठ-दहा फुटांवरच्या पायवाटेला घाला. अनवाणी ओला पाय जिथे पडतो तिथे नको.

ऍसिड, मीठ आणि कोकम

कोटा, शहाबाद, कडप्पा, जैसलमेरचा पिवळा, ट्रॅव्हर्टाइन हे सगळे चुनखडीच्या जातीचे. वर सांगितलेली लिंबाची परीक्षा यासाठीच: पॉलिश उडून फिका डाग पडला की समजा, हा त्या कुळातला. पुलाच्या पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ मध्ये ठेवायला ऍसिड घालतात. घालताना काठावर सांडतं आणि तिथे दगड खाल्ला जातो. आपल्याकडे आणखी एक मानकरी असतो, कोकम सरबत. लाल डाग घासून फिका होतो, पण आंबटाने उडालेली झिलई परत येत नाही. त्यामुळे चुनखडीचा दगड घातलाच तर तो घासून चकाकवलेला नको. रफ पृष्ठावर डाग निदान डोळ्यांत खुपत नाही.

'सॉल्ट पूल' असेल तर पाण्यात लिटरमागे तीन-चार ग्रॅम मीठ असतं. समुद्राच्या मानाने हे किरकोळ, पण काठावर पाणी सुकत जातं आणि मीठ दगडाच्या भोकांत साठत राहतं. तिथे त्याचे स्फटिक फुगतात आणि थराथराचा दगड पत्त्यांसारखा सुटतो. गटाराच्या जाळ्या लोखंडी नकोत. स्टीलच्या घेताना ३१६ ग्रेड मागा, ३०४ ला समुद्राजवळ तांबेरा चढतो. आणि किनाऱ्यावरची वाळू सिमेंटच्या कालव्यात (मिश्रणात) कोणी घालू लागला तर काम तिथेच थांबवा. पुढे दगडातून पांढरी खार फुटते ती बऱ्याचदा त्या वाळूची.

ढाळ आणि माड

दहा फुटांना दीड ते दोन इंच ढाळ, पुलाकडून बाहेर. शंभर चौरस मीटर लादीवर एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी झालं, आणि असे दिवस आपल्याकडे दर पावसाळ्यात येतात. ते जायला जाळीची चर हवी. ती नसली तर अंगणातली लाल माती सरळ पुलात.

लादीखाली कालव्याचे पाच गोळे ठेवून वर टाइल दाबायची, ही गवंड्यांची घाईची पद्धत. खाली पोकळ राहतं. मूठभर जाड काठीने टाइल ठोकत चाला, भद्द आवाज आला की उचलायला लावा. एका ठिकाणी अशा पोकळ पोर्सलेनवर नारळ पडला आणि नवी कोरी टाइल चार तुकडे. नारळ झाडावर असताना पाडेली (नारळ पाडणारा) बोलावणं टाइल बदलण्यापेक्षा स्वस्त पडतं. पुलाची कड आणि लादी यांच्यामधला सांधाही सिमेंटने भरू नका. लवचीक सीलंट हवा, नाहीतर वर्षभरात तडा.

आधीच घालून बसला असाल तर

भाजत असेल तर पुलापासून सावलीपर्यंत काथ्याच्या चटयांची वाट करा, वर सावलीला माडाच्या झावळांचा झाप घाला. दुपारी पाइपने पाणी मारल्याने तासभर निभावतं. जाड ग्रॅनाइट घसरत असेल तर जागेवरच टाकी मारून घेता येते, गुळगुळीत झालेल्या पाट्याला मारतात तशी. पातळ कडप्प्याला मात्र टाकी नको, तडकतो.

शेवाळाला ब्लीचिंग पावडरचं पाणी, थोडा वेळ थांबून ताठ ब्रश, मग भरपूर पाणी. त्याच वेळी ऍसिड वापरू नका. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो, दम कोंडतो. पांढरी खार कोरडी असतानाच ब्रशने झाडा. ती परत परत येत असेल तर लादीला दोष देण्याआधी पूल गळतो का ते बघा. पुलाच्या पायरीवर बादली ठेवा, आतलं पाणी पुलाच्या पातळीइतकं भरा, दोन्हीकडे खूण करा. चोवीस तासांनी पुलाचं पाणी बादलीपेक्षा जास्त उतरलं असेल तर ते लादीखाली जातंय.

वेंगुर्ल्याचा तो कडप्पा आम्ही शेवटी उचलला. मालकीणबाईंनी एकही तुकडा टाकू दिला नाही. कोठीच्या खोलीत त्याची मांडणी झाली आहे, लोणच्याच्या बरण्यांखाली मात्र त्यांनी जुन्या साडीची घडी घातली आहे.