सशिणीचं ऑपरेशन: उपाशी ठेवू नका

कुत्र्या-मांजरांना भूल द्यायच्या आधी उपाशी ठेवतात. सशाला उलटी होतच नाही, त्यामुळे तो नियम इथे लागू नाही. उलट पोट रिकामं राहिलं की आतडी मंदावतात. दवाखान्यात जाईपर्यंत गवत-पाणी समोर असू द्या, आणि नेहमीचं गवत व कोथिंबिरीची जुडी सोबत न्या. 'रात्रीपासून काही देऊ नका' असं सांगणाऱ्या डॉक्टरला सशांचा अनुभव कितपत आहे, हे जरूर विचारा.

घरी आल्यावर टाक्यांपेक्षा आधी लेंड्या बघा. थोड्या आणि बारीक असल्या तर चालेल. पण 12 तासांत खाणं किंवा लेंडी काहीच नसेल तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. बहुतेकदा कारण दुखणं असतं. दात करकरा वाजवत, पोट आवळून कोपऱ्यात बसली, की समजा दुखतंय. डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक वेळेवर द्या, माणसांच्या गोळ्या मुळीच नकोत.

भुसा टाक्यांना चिकटतो, म्हणून स्वच्छ सुती टॉवेल अंथरा. दहा दिवस उड्या बंद. टाके रोज दोनदा पाहा: सूज, ओल किंवा उघडलेली कड दिसली तर लगेच दाखवा.