तळपायाची रात्रीची जळजळ, मला कशाने फरक पडला

रात्री ११ नंतर तळपायाला मुंग्या आणि जळजळ, चादर टेकली तरी सहन होईना, असं ५ महिने चाललं. खोबरेल तेलाची मालिश, काशाची वाटी, मऊ चप्पल, मनानेच आणलेल्या बी१२ च्या गोळ्या, सगळं करून झालं. वैताग आला होता नुसता.

शेवटी एचबीए१सी (मागच्या २-३ महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) केली, ८.९ आली. डॉक्टर म्हणाले शुगरने नसांवर परिणाम झालाय, आणि मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी१२ पण कमी होऊ शकतं म्हणून तेही तपासलं, ते ठीक निघालं.

मग आधी चहा. दिवसाला ६ कप, प्रत्येकी २ चमचे म्हणजे १२ चमचे साखर! दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करत महिन्यात शून्यावर आणली (गूळ नाही हां, तोपण साखरच). मग जेवणात आधी काकडी-भाजी, मग आमटी, शेवटी भाकरी, तीही २ च्या जागी १, कारण ज्वारी झाली तरी पीठच ते. शेंगाचटणी सोडली नाही, सोलापुरात राहून कशी सोडणार. जेवल्यावर १५ मिनिटं चालणं. शुगर एकदम उतरू नये म्हणून गोळ्यांचा डोस डॉक्टरांनाच विचारून बदलला.

३ महिन्यांनी ६.९. जळजळ बरीच कमी, झोप लागते, अंगठ्याचा बधिरपणा मात्र अजून आहे.