वजन हललं की कॉलरला हात लावण्याआधी

रॅलीच्या गाडीची बॅटरी डिकीत नेली, दुसरी स्टेपनी मागे टाकली, की नवखा माणूस लगेच पाना घेऊन स्प्रिंगच्या कॉलरशी (शॉकवरची, स्प्रिंगची बैठक वर-खाली करणारी आट्यांची कडी) बसतो. कॉलर फिरवून पुढचं वजन मागे जात नाही, उजवीकडचं डावीकडेही जात नाही. बदलतो तो फक्त कर्णावरचा भार. पुढचा डावा कोपरा उचलला तर तिथे आणि मागच्या उजव्या चाकावर भार वाढतो, उरलेल्या दोन चाकांवर तेवढाच कमी होतो. पुढे-मागे वाटणी बदलायची तर सामानच हलवावं लागतं.

आधी जागा सपाट करा. गोव्यात पोर्चला पावसाचं पाणी वाहून जायला उतार ठेवलेला असतोच. गवंड्याची पाणी भरलेली नळी घ्या, चाकांखाली ठेवायच्या चारही वजनकाट्यांची पातळी 1-2 मिमीत आणा, खाली फरशीचे तुकडे सारा. टाकी अर्धी, टायरमध्ये स्टेजवर (रॅलीच्या वेळ मोजल्या जाणाऱ्या टप्प्यावर) असेल तेवढीच हवा, आणि दोन्ही सीटवर माणसं किंवा तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या पिशव्या. आपला ड्रायव्हर उजवीकडे बसतो. त्याला एकट्याला बसवून घेतलेलं माप काही कामाचं नाही. अँटी-रोल बारची (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं कलणं कमी करणाऱ्या दांड्याची) लिंक एका बाजूने सोडा.

समजा पुढे उजवं 370, डावं 360, मागे उजवं 225, डावं 245 किलो. एकूण 1,200. पुढचं उजवं अधिक मागचं डावं म्हणजे 615, अर्थात 51.25 टक्के. हवेत 50, अर्धा टक्का इकडेतिकडे चालेल. पुढची डावी आणि मागची उजवी कॉलर अर्धा फेरा वर, बाकीच्या दोन अर्धा फेरा खाली. चारही फिरवल्यामुळे गाडीची उंची जवळपास तीच राहते. दर वेळी गाडी पुढेमागे ढकला, दाबा, मगच आकडा वाचा. नाहीतर टायर अडकून राहतात आणि काटा खोटं सांगतो.

खारी हवा आणि लाल धूळ यांनी पावसाळ्यानंतर कॉलर जाम होते. जोर लावण्याआधी आटे ब्रशने साफ करा, नाहीतर ॲल्युमिनियमचे आटे उखडून येतात.

आता स्प्रिंग. मागच्या एका चाकावर 200 चे 220 किलो झाले. चाक, हब, ब्रेक मिळून 30 किलो स्प्रिंगवर येतच नाही. म्हणजे 170 चे 190, सुमारे 12 टक्के वाढ. स्प्रिंगचा कडकपणा चाकापाशी 30 न्यूटन/मिमी असेल तर गाडी साधारण साडेसहा मिमी बसते. उंची कॉलरने परत मिळेल, पण गाडीची वर-खाली होण्याची लय जुनीच हवी असेल तर कडकपणा चाकापाशी 33.5 च्या आसपास लागेल. वाढ पाच टक्क्यांच्या आत असेल तर आम्ही स्प्रिंगवर पैसे घालवणार नाही. स्प्रिंग कडक केला तर शॉकचा रिबाउंड (उलगडतानाचा रोध) एक-दोन क्लिक वाढवा, तेही गाडी पळवून बघितल्यावरच.

उलट बाजू जास्त फसवी. पुढचं वजन घटलं, गाडी वर आली, म्हणून कॉलर खाली घेतली, की चाक हवेत लोंबकळताना स्प्रिंग बैठकीत सैल पडतो आणि उडीनंतर वाकडा बसतो. तिथे हेल्पर स्प्रिंग (मुख्य स्प्रिंगला सैल पडू न देणारा छोटा, मऊ स्प्रिंग) लागतो.

उंची बदलली म्हणजे टो (चाकाची आत-बाहेर वळलेली दिशा) आणि कॅम्बर (उभ्या चाकाचा कल) पुन्हा तपासणं आलंच, हेडलाइटचा रोखही. मागे भार वाढला असेल तर ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या ब्रेकमधली जोराची वाटणी) थोडा मागे सरकवता येतो.

चाचणीला परवानगी घेऊन एखाद्या चिरेखाणीचा खाजगी रस्ता मिळाला तर उत्तम. शॉकच्या दांड्यावर केबल टाय बांधा. सगळ्यात वाईट खड्ड्यात तो एकदा बंप स्टॉपला (शॉक पूर्ण दबताना आदळ झेलणाऱ्या ठोकळ्याला) पोचला तर हरकत नाही. साध्या खड्ड्यांतही पोचत असेल तर आधी उंची तपासा, मग शॉकचं कॉम्प्रेशन (दबतानाचा रोध) वाढवा.