फ्लॅट विकताना ओल सांगायची कशी

सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), भोगवटा प्रमाणपत्र, मेंटेनन्स थकबाकी नसल्याचा दाखला एका फाईलीत लावा. गळके नळ, अडकणारी दारं दुरुस्त करा. हे कुणालाही जमतं.

खरी गोची ओलीची. डोंबिवलीतला वडिलांचा फ्लॅट विकायला काढला तेव्हा एजंट म्हणाला, "दिवाळीनंतर दाखवू. पुट्टी मारून रंग काढा, कोण बघतंय?" मी काढला. पुढच्या जुलैत घेणाऱ्या गृहस्थांचा फोन आला: "तुम्हाला माहीत होतं ना?" आतल्या प्लास्टरचा निम्मा खर्च मी दिला, पण त्या प्रश्नाला उत्तर काही देता आलं नाही. "त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही" ही पळवाट कायद्यातही नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 55 वाचा. तुम्हाला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा मोठा दोष सांगणं तुमच्यावर आहे. न सांगणं ही फसवणूक.

त्यानंतर तीन घरं विकली, दोन नातेवाइकांची. ओल फोनवर सांगू नका, माणूस घर बघायलाच येत नाही. टोकन घेतल्यावर तर मुळीच नको, कारण मग त्याला वाटतं, अजून काय काय दडवलंय? पहिल्याच भेटीत, त्या भिंतीसमोर उभं राहून सांगा: "इथे पावसाळ्यात ओल येते. बाहेरच्या प्लास्टरला भेग आहे. सोसायटीला दिलेल्या अर्जाची ही पोच, आणि हे गेल्या जुलैतले फोटो." आणि गप्प बसा. मला हेच जमत नसे. मी लगेच जोडायचो, "मुंबईकडे ओल कुठे नसते हो?" त्या एका वाक्याने सगळं मुसळ केरात. समोरच्याला वाटतं, हा सारवासारव करतोय.

कारण पक्कं ठाऊक नसेल तर "वरच्यांचं बाथरूम गळतं" असं ठोकून देऊ नका. डाग कुठे, कधीपासून, एवढंच सांगा. दुरुस्ती केली असेल तरी एक अख्खा पावसाळा गेल्याशिवाय "गळती बंद झाली" म्हणू नका. आपणहून किंमतही पाडू नका. कंत्राटदाराचं कोटेशन तयार ठेवा, घासाघीस त्या आकड्यावर होऊ दे.

छताचे पोपडे पडून गंजलेल्या सळ्या दिसत असतील, तर गोष्ट रंगापलीकडची आहे. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. अहवाल मागून घ्या आणि गैरसोयीचा असला तरी दाखवा.

परवानगीशिवाय बंद केलेली बाल्कनी, नावावर नसलेलं पार्किंग: तेही त्याच भेटीत.

मग जे तोंडी सांगितलं ते करारात एका ओळीत घाला. एजंट कुरकुर करेल, करू द्या. "जसं आहे तसं" या कलमावर विसंबू नका.

आणि रंगाचे पैसे वाचवा. घेणाऱ्याला तसाही वेगळाच रंग हवा असतो.