रात्रीच्या गाडीतले ढेकूण घरी आणू नका: या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी नागपूरहून रात्रीच्या गाडीने निघालो आणि पहाटे नाशिकरोडला उतरलो. रिक्षात बसल्या बसल्या बायकोने विचारलं, "अहो, मानेवर काय उठलंय तुमच्या?" मी म्हटलं, डास असतील. घरी आलो, बॅग पलंगावर टाकली आणि शेजारीच आडवा झालो. त्या बॅगेने पुढचे चार महिने आमची झोप खाल्ली.

गाडीतल्या ढेकणांचा बंदोबस्त प्रवाशाच्या हातात फारसा नसतो. ते घरात येऊ न देणं मात्र पूर्णपणे आपल्या हातात असतं, आणि मोठ्या चुका तिथेच होतात. तरी सुरुवात गाडीपासूनच करू.

"एसीचं तिकीट आहे, तिथे कसले ढेकूण?"

ढेकणाला घाण लागत नाही, माणूस लागतो. श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब यांच्या मागावर तो येतो. स्लीपर की एसी, हे तो बघत नाही.

आधी चादर, मग टॉर्च

आपण उलटं करतो. चादर एकदा अंथरली की खालचं काही दिसत नाही. आधी मोबाइलचा टॉर्च लावून रेक्झिनची शिवण, फाटलेला कोपरा, मधल्या बर्थच्या साखळीचा हुक आणि बर्थ-भिंतीमधली फट बघा. बॉलपेनने टिंबं मारावीत तसे काळे ठिपके दिसले तर ती त्यांची विष्ठा. ढेकूण स्वतः अख्ख्या मसुराएवढा, चपटा, तपकिरी असतो. रक्त पिऊन टम्म झाला की लालसर आणि लांबट दिसतो. अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू राजगिऱ्याच्या दाण्यासारखं, फिकट. ते चष्मा लावूनही सुटतं.

सापडलेच तर फोटो काढा, टीटीईला गाठून बर्थ बदलून मागा आणि 139 वर किंवा रेल मदद ॲपवर तिथल्या तिथे तक्रार नोंदवा. पीएनआर हाताशी ठेवा. घरी पोचून लिहिलेल्या तक्रारीने गेलेली झोप परत येत नाही.

बंद डब्यात स्प्रे मात्र मारू नका. वरच्या बर्थवर कुणी दम्याचा पेशंट असू शकतो, आणि फटीत दडलेल्या ढेकणापर्यंत तो फवारा बहुतेक पोचतच नाही.

सॅक उशाला घेणं

चोरीच्या भीतीने आपण सगळेच हे करतो. पण कापडी सॅकच्या शिवणी आणि चेनच्या पट्ट्या म्हणजे ढेकणाला आयतं घर. तो उडत नाही, उडी मारत नाही. चालत येतो आणि सामानात बसून प्रवास करतो. बॅग मोठ्या काळ्या कचरापिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि मग साखळी लावा. दिसायला बावळट दिसतं, पण काम होतं.

बॅग पलंगावर

माझी चूक हीच. अंडी धरलेली एकच मादी घर भरायला पुरते. आता आमच्याकडे बॅग थेट बाल्कनीत फरशीवर जाते, पाहुण्यांचीसुद्धा. एका मेव्हण्यांना याचा राग आला होता.

अंगावरचे कपडे तिथेच बादलीत. पण साध्या थंड पाण्यात धुतले म्हणजे झालं, असं नाही. पाणी 60 अंशांच्या आसपास कडक हवं. जे कपडे तसे धुता येत नाहीत, त्यांच्या शिवणींवरून गरम इस्त्री सावकाश फिरवा. ढेकूण आणि अंडी मरतात ती उष्णतेने. थंडीवर भिस्त ठेवू नका. जानेवारीत निफाडचा पारा कितीही घसरो, ढेकणाला मारायला उणे 18 अंशांचा फ्रीझर लागतो, तोही चार दिवस.

"मला एकट्यालाच चावतात"

आमचे पहिले तीन आठवडे यातच गेले. माझ्या हातावर ओळीने तीन-चार गांधी उठायच्या, बायकोच्या अंगावर काहीच नाही. मग मी पित्ताच्या गोळ्या घेत बसलो. ढेकूण दोघांनाही चावत होते. काहींच्या अंगावर वळ उठतच नाहीत, काहींच्या काही दिवसांनी उठतात. त्यामुळे वळांवर न जाता गादीची शिवण तपासा. तिथे काळे ठिपके, रक्ताचे डाग किंवा टाकलेली कात दिसली तर शंका उरत नाही.

यानंतर आम्ही दुसरी घोडचूक केली. हॉलमध्ये झोपायला गेलो. माणूस हलला की ढेकूणही त्याच्या मागे निघतो. पंधरा दिवसांत दिवाणात ढेकूण!

उन्हात गादी, रॉकेल आणि बागेचं औषध

गच्चीवर गादी टाकली की वरची बाजू तापते, आतले ढेकूण खालच्या गार बाजूला सरकतात. रॉकेल शिंपडणं म्हणजे आगीला आमंत्रण. आणि आपल्या नाशिक जिल्ह्यातली खास चूक म्हणजे द्राक्षबागेचं औषध. दिंडोरीकडच्या एका नातेवाइकाने उरलेली अर्धी बाटली आणून दिली होती, "एका फवाऱ्यात साफ होतील" म्हणून. सुदैवाने बायकोने ती बाटली घरात येऊच दिली नाही. बागेत मोकळ्या हवेसाठी बनवलेलं औषध बंद बेडरूममध्ये, गादीवर फवारणं म्हणजे स्वतःलाच विष देणं.

शेवटी परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. पलंगाचे स्क्रू काढून फळ्या सुट्या केल्या तेव्हा कोपऱ्यातल्या भोकात ती मंडळी दाटीवाटीने बसलेली दिसली. एका फवारणीत विषय संपला, असं समजू नका. अंडी फवाऱ्याला दाद देत नाहीत आणि साधारण 6 ते 10 दिवसांत फुटतात. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी फवारणी लागतेच. आमच्याकडे तिसरीही करावी लागली, कारण दिवाण सांगायचं आम्ही विसरलो होतो.