नकली लिथियम सेल घरच्या घरी कसा ओळखावा

18650 जातीच्या लिथियम सेलवर 9900 एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचे माप) छापलेले असेल तर पुढचे वाचायचे कष्ट घेऊ नका, तो खोटा आहे. 18650 म्हणजे 18 मिलिमीटर जाडीचा, 65 मिलिमीटर लांबीचा गोल सेल. टॉर्चमध्ये हाच, बऱ्याच पॉवर बँकांत हाच, जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतही हाच. एवढ्याशा नळकांड्यात नावाजलेल्या कंपन्यांची मजल साधारण 3500 पर्यंत जाते. जत्रेच्या फेरीत, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या दुकानांत, शंभर रुपयांना जोडी विकणाऱ्याला त्याच्या तिप्पट जमले असते, तर तो फेरीत बसला नसता.

खरी अडचण शहाण्या नकलेची. तिच्यावर 2600 किंवा 3000 असा पटण्याजोगा आकडा असतो, वेष्टन चकचकीत असते, नाव मोठ्या कंपनीचे असते. आत मात्र कुठल्यातरी लॅपटॉपमधून काढलेला म्हातारा सेल. आमचे कुळागर, म्हणजे नारळी-पोफळीची बाग, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात. पावसाळ्यात वीज गेली की रात्री पंपाकडे टॉर्चशिवाय पाऊल टाकता येत नाही, त्यामुळे गेली बारा-तेरा वर्षे सेल विकत घेणे, तपासणे आणि त्यातले बरेचसे फेकणे हा माझा उद्योगच झाला आहे.

साहित्य: स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर, आणि सेल रिकामा करून क्षमता मोजणारा चार्जर. हा चार्जर साध्यापेक्षा महाग पडतो. घ्या.

पहिल्यांदा वजन. चांगला 18650 सेल 45 ते 48 ग्रॅम भरतो. पस्तिशीच्या खाली आला तर तिथेच थांबा. काटा नसेल तर सोनाराकडे जा. आमचा सोनार हसतो, पण करून देतो. वजन बरोबर आले म्हणून मात्र खूश होऊ नका. मोठ्या नळकांड्यात लहानसा सेल ठेवून उरलेल्या जागेत पूड भरण्याची कला जुनी आहे. ते बघायला सेल कापू नका. मी एकदा कापला होता. त्या वाफेने दुसऱ्या दिवसापर्यंत घसा धरला होता. आतला द्रव पेट घेणारा असतो आणि त्यातून निघणारा वायू विषारी.

मग मल्टिमीटर. नवा सेल बहुधा साडेतीन व्होल्टच्या आसपास दाखवतो. दोनाच्या खाली असेल तर त्याला पुन्हा चार्ज करून जिवंत करण्याचा खटाटोप नको, मग इंटरनेटवर कोणी काहीही सांगो. इतका उतरलेला सेल आतून बिघडलेला असतो, वरून तसा दिसत नाही एवढेच. आणि ‘4.2 व्होल्ट दाखवतोय म्हणजे ओरिजिनल’ हा सल्ला ज्याने पसरवला, त्याला माझ्याकडे पाठवा. व्होल्टेज म्हणजे टाकीतली पाण्याची पातळी. टाकी केवढी आहे, ते पातळी बघून कळत नाही. 700 एमएएचचा भंगार सेलही पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्टच दाखवतो.

आता खरी पायरी, जिथे मी वर्षभर चुकत होतो.

चार्जरच्या पडद्यावर एमएएचचा आकडा दोन वेळा येतो. सेल भरताना आत किती गेले त्याचा, आणि सेल रिकामा करताना बाहेर किती आले त्याचा. मी बघायचो पहिला. एका चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी चार सेल घेतले होते, वर 3000 छापलेले. तिघे चोवीसशेच्या आसपास थांबले. चौथा मात्र चढतच गेला. अठ्ठावीसशे, तीन हजार, बत्तीसशे. मी बायकोला बोलावून दाखवला, म्हटले, बघ, हा एक तरी अस्सल निघाला. रात्री माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या मांडवीचे, सामान बांधत बसलो होतो, तेव्हा पडवीतून गोडसर वास आला, नखांचे पॉलिश पुसायच्या द्रवासारखा. आकडा चार हजारांवर गेला होता आणि सेल इतका तापला होता की बोट टेकवता येईना. तो भरत नव्हताच. आतल्या आत गळत होता, आणि चार्जर आपला बिचारा ओततोय. फुटक्या घागरीत किती पाणी ओतले ते मोजून घागर केवढी ते ठरवायचे, तसला हा हिशेब. शेजारी सुंभ आणि वाळक्या सुपाऱ्या पडल्या होत्या. तो वास आला नसता तर काय झाले असते, याचा विचार मी अजून टाळतो.

म्हणून आकडा बघायचा तो रिकामा करतानाचाच. सेल पूर्ण भरा, तासभर विसावू द्या, मग 500 मिलिअँपियरच्या प्रवाहाने रिकामा करायला लावा. यंत्रावर ‘टेस्ट’ असे काहीतरी लिहिलेले असते, पण नुसत्या नावावर विश्वास न ठेवता त्याचे माहितीपत्रक वाचा. काही यंत्रे शेवटी पुन्हा भरतानाचा आकडा दाखवतात आणि आपण तोच निकाल समजतो. 3000 चा खरा सेल या वेगाने रिकामा व्हायला सहा तासांच्या आसपास घेतो. दीड तासात यंत्र थांबले, तर किती निघाले ते वाचायचीही गरज नाही. नव्या सेलने छापील आकड्याच्या नव्वद टक्के तरी दिलेच पाहिजेत. ऐंशीच्या खाली आला की मी परत करतो, आणि दुकानदार परत घेत नसेल तर ते दुकान सोडतो.

ही चाचणी कुठे करता यालाही महत्त्व आहे. माझी जागा अंगणाच्या कडेला, उघड्या चिऱ्यावर, वर पत्रा. गादीवर नाही, कपाटात नाही, गॅस सिलिंडरच्या खोलीत तर नाहीच. झोपायच्या आधी यंत्र बंद. दर अर्ध्या तासाने हात लावून बघा: कोमट चालेल, हातात धरवत नसेल तर वायर काढा. फुगला किंवा वास आला तर सेल उचलायला जाऊ नका. आधी वीज तोडा, मग लांबूनच बादलीभर पाणी. वाळू टाकली तर ज्वाला झाकली जाईल, पण आतली उष्णता तशीच राहील आणि सेल पुन्हा पेटेल. धूर घरात कोंडला असेल तर माणसे बाहेर काढा आणि 101 ला फोन करा.

एवढ्याने भागत नाही. शुक्रवारी भरलेला सेल बाजूला ठेवा आणि पुढच्या शुक्रवारी मल्टिमीटरने त्याचे व्होल्ट पुन्हा मोजा. चांगला सेल 4.15 च्या आसपास टिकून असतो. आठवड्यात चाराच्या खाली घसरला तर तो गळका, क्षमता कितीही भरलेली असली तरी.

एवढी चिकित्सा कशाला, टॉर्च लवकर विझला तर विझला, असे माझा चुलतभाऊ म्हणतो. त्याच्या टॉर्चमध्ये दोन सेल एकापाठोपाठ बसतात. त्यातला एक लबाड असेल तर तो आधी संपतो, आणि दुसरा त्याच्यातून जबरदस्तीने प्रवाह ढकलत राहतो. संपलेल्याची टोके उलटतात, आत वायू साचतो. भोवती जाड धातूची नळी, पाणी शिरू नये म्हणून रबराच्या रिंगांनी घट्ट बंद केलेली. वायूने जायचे कुठून? चांगल्या सेलच्या माथ्यावर दाब वाढला की प्रवाह तोडणारी कळ आणि वाफ सोडणारी झडप असते. नकली सेलमध्ये ती असेलच याची खात्री नाही. दोन सेलांचा टॉर्च असेल तर जोडी एकाच दिवशी घेतलेली, एकाच क्षमतेची, एकत्रच वापरलेली हवी. मी मार्करने ‘अ-अ’, ‘ब-ब’ लिहून ठेवतो.

पॉवर बँकेचा हिशेब वेगळा, आणि तिथे लोक उलट चूक करतात. यूएसबी मीटर लावून 10,000 च्या बँकेतून सहा-साडेसहा हजारच आले म्हणून दुकानदाराशी भांडतात. ती बँक बहुधा खरीच असते. आतले 10,000 हे 3.7 व्होल्टचे, बाहेर येतात 5 व्होल्टने. तिथेच त्यांचे 7400 झाले, वर रूपांतरातली घट. छोट्या अक्षरांत प्रत्यक्ष मिळणारी क्षमता छापलेली असते, ती वाचा. खोटी ओळखायची तर 50,000 लिहिलेली हातात धरा. तेवढ्यासाठी 3500 चे चौदा-पंधरा सेल लागतील, म्हणजे नुसत्या सेलचेच साडेसहाशे ग्रॅम. ती पाव किलोही भरत नाही. पॉवर बँकेवर भारतीय मानक ब्युरोचा, आरने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही हवा. तो छापणे कोणालाही जमते, म्हणून ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये घालून निघालेले नाव आणि वस्तू जुळतात का ते बघा.

नापास सेल पोरांच्या खेळण्यात किंवा चवथीच्या लायटिंगमध्ये ‘खपवायचे’ नाहीत. दोन्ही टोकांना इन्सुलेशन टेप लावा आणि कोरड्या वाळूच्या डब्यात घराबाहेर ठेवा. सुक्या कचऱ्याच्या पिशवीत गेला तर गाडीत दाबला जाऊन तिथे पेटेल. पंचायतीकडे किंवा पालिकेकडे ई-कचरा कधी घेतात ते विचारा आणि त्या दिवशी नेऊन द्या. माझ्या डब्यात आज अकरा आहेत. चवथीतला तो चौथाही त्यातच, टेपवर तारीख टाकून ठेवलेला, कारण द्यायला जायचे दर वेळी माझ्याकडूनच राहते.