बातमी आणि जाहिरात एकाच हातात असते तेव्हा : माध्यमांतील बदलत्या कामावर संशोधन कसे करावे

पत्रकारिता किंवा संज्ञापन या विषयात एम.ए. अथवा पीएच.डी. करणारा विद्यार्थी जाहिरात आणि पत्रकारिता यांच्या संबंधांकडे वळतो, तेव्हा त्याच्या पहिल्या आराखड्यावर बहुधा ‘मराठी वृत्तपत्रांवरील जाहिरातींचा प्रभाव : एक चिकित्सक अभ्यास’ असा मथळा असतो. कोणते वृत्तपत्र, कोणती आवृत्ती, कोणता काळ आणि प्रभाव नेमका कशावर, यांपैकी काहीही त्या मथळ्यात ठरलेले नसते, आणि म्हणून दोन वर्षांनी हाती येणारा निष्कर्षही ‘प्रभाव आढळून येतो’ याच्या पुढे जात नाही. विषय लहान करण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे बातमी आणि जाहिरात या दोन व्यवहारांची गाठ जिथे एका माणसाच्या कामाच्या दिवसात पडते, तिथून सुरुवात करणे. मराठी वृत्तपत्रसृष्टीत असा माणूस शोधावा लागत नाही. तो म्हणजे तालुका प्रतिनिधी.

सकाळी पंचायत समितीची बैठक, दुपारी अपघाताची बातमी आणि संध्याकाळी एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या पुरवणीसाठी पतसंस्थेच्या अध्यक्षांकडे फेरी, असा त्याचा दिवस असू शकतो. अनेक ठिकाणी त्याला मिळणारे मानधन जुजबी असते, खरे उत्पन्न जाहिरातीच्या कमिशनवर अवलंबून असते आणि 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, दिवाळी व वृत्तपत्राचा वर्धापनदिन यांसाठी त्याला टार्गेट दिलेले असते. काहींकडे वृत्तपत्राची एजन्सी असते, काही दुकान चालवतात, काही शिकवतात. त्यामुळे ‘जाहिरातींचा पत्रकारितेवर प्रभाव पडतो का?’ असे विचारण्यापेक्षा ‘ज्या संस्थेकडून जाहिरात आणायची आहे, तिच्याविषयीची बातमी करताना तालुका प्रतिनिधी कोणते निर्णय घेतो आणि ते कोणाला सांगून घेतो?’ असा प्रश्न घेतला, तर त्याचे उत्तर शोधता येते. शहरातील कार्यालयाचा अभ्यास करायचा असेल, तर पानाच्या डमीपासून आरंभ करावा. डमीवर जाहिरातींच्या जागा आधी आखून येतात आणि उरलेली जागा संपादकीय विभागाला मिळते. रात्री उशिरा मोठी बातमी आली, तर जाहिरात हलवण्याची विनंती कोण करतो, कोणाला करतो आणि कोणत्या जाहिराती कधीच हलत नाहीत, एवढ्या एका प्रश्नावर एम.ए.चा प्रबंध उभा राहू शकतो.

प्रश्न ठरल्यावर पुरावा तीन ठिकाणांहून गोळा करावा : छापील पान, काम करणारी माणसे आणि कागदपत्रे. यांपैकी एकाच्याच आधारावर लिहिलेला प्रबंध परीक्षेत उत्तीर्ण होतो, पण पटत नाही.

पानाचे विश्लेषण करताना मोजमापाचे एकक प्रथम ठरवावे. कॉलम सेंटिमीटर हे जुने माप आहे, परंतु आता पानापानांवर कॉलमची रुंदी बदलते, त्यामुळे चौरस सेंटिमीटरमध्ये मोजणे अधिक सुरक्षित. जाहिरातीचे दरही आता बहुधा याच मापात सांगितले जातात. त्यानंतर वर्गवारी. उघड जाहिरात आणि निखळ बातमी ओळखणे सोपे आहे. त्यांच्या मधल्या पट्ट्यात ‘ॲडव्हर्टोरियल’, ‘इम्पॅक्ट फीचर’ यांसारखी लहान अक्षरांतील खूण असलेला मजकूर येतो, आणि त्याच्याही पलीकडे कोणतीच खूण नसलेला, बातमीदाराचे नाव नसलेला, केवळ स्तुतीने भरलेला मजकूर येतो. या शेवटच्या गटाला विद्यार्थी घाईने ‘पेड न्यूज’ असे नाव देऊन टाकतात. भारतीय प्रेस कौन्सिलने 2010 मध्ये पेड न्यूजविषयी अहवाल दिला आणि 2009 च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीतील प्रकारांची त्या वेळी बरीच चर्चा झाली, हे खरे. परंतु पैसे दिले-घेतले गेल्याचा पुरावा पानावर नसतो. दोन वृत्तपत्रांत शब्दशः सारखा मजकूर आला, तरी तो दोघांनीही न बदलता छापलेली प्रेसनोट असू शकतो. म्हणून या गटाला ‘खूण नसलेला प्रचारकी मजकूर’ असे तटस्थ नाव द्यावे, त्याची दिसणारी लक्षणे संकेतपुस्तिकेत (वर्गवारीच्या नियमांच्या वहीत) लिहून ठेवावीत आणि किमान दोघांनी स्वतंत्रपणे वर्गवारी करून त्यांच्यात किती एकमत होते ते क्रिपेनडॉर्फच्या अल्फाने (पूर्ण एकमत असेल तर 1 येणाऱ्या गुणांकाने) तपासावे. 0.80 च्या पुढे एकमत असेल तर निश्चिंत राहावे, 0.67 च्या खाली गेले तर व्याख्या पुन्हा लिहाव्यात, वर्गवारी करणाऱ्याला दोष देऊ नये.

नमुना निवडताना आपल्याकडचे पंचांग समोर हवे. वर्षभरातून एक सोमवार, एक मंगळवार असे दिवस चिठ्ठीने काढून ‘रचित आठवडा’ बनवण्याची पद्धत दैनिकांसाठी रूढ आहे, आणि एका वर्षासाठी असे दोन आठवडे सामान्यतः पुरेसे मानले जातात. पण चिठ्ठीत धनत्रयोदशी आली, तर सोने, वाहने आणि घरे यांच्या जाहिरातींनी अंक फुगलेला सापडेल. पितृपंधरवडा आला, तर त्याच जाहिराती रोडावलेल्या दिसतील. जाहिरातींचे प्रमाण हाच विषय असेल, तर सणांचे, पितृपंधरवड्याचे आणि साधे दिवस असे थर पाडून प्रत्येकातून नमुना काढणे बरे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की शासकीय जाहिरातींचा ओघ आटतो आणि ती लागण्यापूर्वीच्या दिवसांत तो वाढलेला दिसतो, याचीही नोंद ठेवावी. 2020 हे वर्ष तर स्वतंत्रच ठेवावे : मार्चच्या अखेरीस मुंबईत वृत्तपत्रांचे वितरण थांबले होते, एप्रिलमध्ये राज्य शासनाने घरोघरी वितरणावर काही काळ निर्बंध घातले आणि त्या वर्षात अनेक ठिकाणी पुरवण्या बंद झाल्या व वेतनकपात झाली. त्या वर्षातील पानांची तुलना 2019 च्या पानांशी सरळ केली, तर मोजले जाते ते टाळेबंदीचे परिणाम, जाहिरात विभागाचे नव्हे.

ई-पेपर हाताशी असतो म्हणून त्यावरच विसंबू नये. सर्व जिल्हा आवृत्त्या ई-पेपरमध्ये असतीलच असे नाही, जुने अंक काढून टाकलेले असू शकतात आणि जुन्या पीडीएफमधील मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असल्यास शब्दशोध घेतल्यावर काहीच सापडत नाही. त्यावरून ‘उल्लेख आढळला नाही’ असे लिहिणे म्हणजे दिवा न लावता खोली रिकामी असल्याचे सांगणे होय. जुन्या अंकांसाठी पुण्यातील केसरी-मराठा ग्रंथालय, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि जिल्ह्याच्या गावचे नगर वाचनालय येथे प्रत्यक्ष जावे.

मुलाखतीत ‘तुमच्यावर जाहिरातदारांचा दबाव असतो का?’ असे विचारल्यास ‘तसे काही नसते’ हे उत्तर ठरलेले आहे, आणि ते देणारा खोटे बोलतोच असेही नाही. रोजच्या सवयीला कोणी दबाव म्हणत नाही. त्याऐवजी ‘काल सकाळपासून काय काय केलेत?’ असे विचारावे, गेल्या पुरवणीसाठी कोणाकोणाकडे गेलात ते क्रमाने सांगायला लावावे, छापून न आलेल्या शेवटच्या बातमीची हकिकत विचारावी. त्यांचे शब्द जसेच्या तसे टिपावेत. ‘मॅटर’, ‘आरओ’ (रिलीज ऑर्डर, म्हणजे जाहिरात छापण्याचा लेखी आदेश), ‘टार्गेट’, ‘त्यांचं जरा सांभाळून घ्या’ या शब्दांना प्रबंधात ‘वाणिज्यिक हितसंबंधांचे समायोजन’ असे भारदस्त रूप दिले, की संशोधनातील सर्वांत मोलाची गोष्ट हरवते. जाहिरात विभागातील माणसांशी बोलायला विद्यार्थी सहसा विसरतात. वसुली, थकबाकी आणि सवलती यांविषयी ते संपादकीय विभागापेक्षा मोकळेपणाने बोलतात, असा माझा अनुभव आहे. डिजिटल विभागात गेल्यास हाच प्रश्न वेगळ्या रूपात विचारावा : भिंतीवरच्या पडद्यावर क्लिकचे आकडे कोणाला दिसतात, आणि ते घसरले की बातमीचा मथळा कोण बदलतो?

कागदपत्रांची वाट कंटाळवाणी, पण फलदायी आहे. शासकीय जाहिरातींवर जिल्ह्यात किती खर्च झाला आणि कोणाला किती मिळाले, हे जिल्हा माहिती कार्यालयाकडे माहिती अधिकारात मागता येते. महाराष्ट्रात अर्जाचे शुल्क 10 रुपये असून एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, म्हणून वर्ष व कार्यालय स्पष्ट लिहून लहान अर्ज करावा. खपाच्या आकड्यांसाठी ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स या संस्थेने तपासलेले सहामाही आकडे आणि वृत्तपत्र निबंधकांकडे प्रकाशकांनी स्वतः दिलेले आकडे यांची गल्लत करू नये. नोकरीच्या अटींचा अभ्यास असेल, तर श्रमिक पत्रकार कायदा, 1955 मधील व्याख्या वाचावी : पत्रकारिता हा ज्याचा मुख्य व्यवसाय आहे तो अर्धवेळ नोकरीत असला, तरी त्या व्याख्येत बसू शकतो, आणि तालुका प्रतिनिधीचा पेच नेमका ‘मुख्य’ या शब्दापाशी आहे. पत्रकार व वृत्तपत्र कर्मचाऱ्यांच्या वेतनासाठी नेमलेल्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2014 मध्ये वैध ठरवल्या आणि जून 2017 च्या निकालाने थकबाकीचे वाद कामगार यंत्रणेकडे सोपवले; त्या वादांच्या कागदांत पदनाम, कामाचे स्वरूप आणि वेतन यांविषयी दोन्ही बाजूंची लेखी विधाने सापडतात. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1955 च्या कायद्याच्या जागी नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, त्यामुळे आपल्या अभ्यासकाळात कोणता कायदा अमलात होता, ते प्रकरणाच्या आरंभीच स्पष्ट करावे.

माहिती देणाऱ्याचे नाव बदलले, म्हणजे तो सुरक्षित झाला असे समजू नये. एका तालुक्यात एका वृत्तपत्राचा बहुधा एकच प्रतिनिधी असतो. वृत्तपत्र आणि तालुका लिहिला, की नाव लिहिल्यासारखेच झाले. तालुक्याऐवजी विभाग लिहावा, वृत्तपत्राऐवजी ‘एक जिल्हा दैनिक’ म्हणावे, मूळ नोंदी आणि नावांची किल्ली वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावी. पीएच.डी.चा प्रबंध पुढे शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर सर्वांसाठी खुला होतो. म्हणून सादर करण्यापूर्वी प्रत्येक उद्धृत मुलाखत त्या वृत्तपत्राच्या जिल्हा कार्यालयप्रमुखाच्या नजरेने एकदा वाचावी, आणि बोलणारा कोण हे त्याला ओळखता येत असेल, तर उद्धृत कितीही चांगले असले, तरी ते वगळावे किंवा बोलणाऱ्याला दाखवून त्याची पुन्हा संमती घ्यावी.